बीकॉम ते कॉम्प्युटर सायन्स, कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात: माझा अनुभव

एच-४ वर (नवऱ्याच्या एच-१बी वर्क व्हिसामागे बायकोला मिळतो तो व्हिसा) शिकता येतं का, वेगळा एफ-१, म्हणजे स्टुडंट व्हिसा लागतो का, हे इतक्या जणी विचारतात की एकदाच लिहून टाकते. शिकता येतं, एफ-१ लागत नाही. मी कोल्हापूरची, बीकॉम, इकडे यायच्या आधी सीएच्या ऑफिसात अकाउंट्स बघायचे, कोडिंगशी संबंध म्हणजे एक्सेलमधलं व्हीलुकअप. सध्या बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचा भाग) एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्वस्त सरकारी कॉलेजात, कॉम्प्युटर सायन्स आणि डेटाचे कोर्सेस करतेय.

डोक्याला ताप झाला तो रेसिडेन्सीचा, म्हणजे फीसाठी कॅलिफोर्नियाची रहिवासी ठरायचा. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना सेमिस्टरवाल्या कॉलेजात युनिटमागे (कोर्सचं क्रेडिट) ४६ डॉलर, म्हणजे चार युनिटचा कोर्स १८४ डॉलरला पडतो, आणि बाहेरच्यांना तोच कोर्स कैक पटींनी महाग. रहिवासी ठरायला टर्म सुरू व्हायच्या आधी वर्षाहून जास्त इथे राहिलेलं लागतं, शिवाय इथेच राहायचा इरादा आहे हे कागदांवरून दिसावं लागतं. एच-४ ला हे चालतं. पण काउंटरवरच्या बाई म्हणाल्या व्हिसावर असलात की होतच नाही. मी वाद घातला नाही, कुठल्या व्हिसावर रहिवासी धरतात त्याची कॉलेजच्याच साइटवरची यादी प्रिंट काढून नेली, सोबत भाडेकरार, स्टेट टॅक्स रिटर्न, लायसन्स, बँक स्टेटमेंट सगळी फाइल, मग झालं. भाडेकरारावर तुमचं नाव नसेल तर आजच घालून घ्या बायांनो, आपल्याकडे सगळं नवऱ्याच्या नावावर असतं आणि मग ऐनवेळी बोंब.

वर्गात निम्मी पोरं माझ्या भाच्याच्या वयाची, काही तर अजून हायस्कुलातच आहेत आणि ड्युअल एनरोलमेंटवर (शाळेसोबतच कॉलेजचे कोर्स) येतात, एकजण रिटायर्ड आजोबा. सी प्लस प्लस सुरुवातीला बरं गेलं, पॉइंटर (मेमरीतला पत्ता साठवणारे व्हेरिएबल) आले आणि घामटा निघाला. लिंक्ड लिस्ट म्हणजे प्रत्येक डब्याकडे पुढच्या डब्याचा पत्ता असलेली यादी, तिच्यातला एक नोड, म्हणजे डबा, काढायचा तर आधी पुढच्याचा पत्ता धरून ठेवायचा, नाहीतर त्याच्यापुढची सगळी यादीच हातातून जाते. प्रोग्राम नुसता सेगमेंटेशन फॉल्ट (नको त्या मेमरीला हात लावला) म्हणून मरतो, कुठल्या ओळीत ते सांगत नाही. वहीत चौकोन आणि बाण काढत बसायचं, दुसरा उपाय मला तरी सापडला नाही. ऑफिस अवर्सना (प्रोफेसरांना शंका विचारायची वेळ) मात्र नक्की जा, तिथे प्रोफेसर एकटेच बसलेले असतात.

डेटाच्या कोर्सात मात्र मी सासरहून माहेरी आल्यासारखी. एसक्यूएलचा (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) लेफ्ट जॉइन, म्हणजे पहिल्या तक्त्यातल्या सगळ्या नोंदी ठेवून दुसऱ्यातल्या जुळवायच्या, हे म्हणजे आमचं बँक रिकन्सिलिएशनच की, पुस्तकात नोंद आहे आणि पासबुकात नाही ती शोधायची. प्रोजेक्टला आम्ही बे व्हील्स या भाड्याच्या सायकलींच्या सेवेचा ट्रिप्सचा डेटा घेतला, तो सगळ्यांना फुकट मिळतो. स्टेशनच्या नावाचे रकाने कितीतरी ट्रिप्सना रिकामे. ग्रुपमधला पोरगा म्हणाला त्या नोंदी ड्रॉप करून टाकू, पांडाजमध्ये (डेटा हाताळायचं पायथनचं साधन) एका ओळीचं काम. मी म्हटलं थांब बाबा, कशाच्या नोंदी आहेत ते तरी बघू. सायकलचा प्रकार लावून बघितला तर त्या बहुतेक इलेक्ट्रिक निघाल्या, त्या स्टेशनाबाहेर साध्या रॅकलाही लावता येतात ना, मग स्टेशनचं नाव येणार कुठून! त्या ओळी उडवल्या असत्या तर इलेक्ट्रिक सायकली लोक कमी वापरतात असा उलटाच निष्कर्ष निघाला असता. ऑडिटमध्ये शिकलेली सवय, कोरा रकाना दिसला की आधी कारण विचारायचं.

आता नोकरीचं. एच-४ वर ओपीटी, सीपीटी (एफ-१ वाल्यांना शिक्षणाशी संबंधित काम करायच्या परवानग्या) काही मिळत नाही, कॅम्पसवरची नोकरीसुद्धा नाही. ईएडी, म्हणजे कामाचं परवाना कार्ड हवं, आणि ते सहसा नवऱ्याची आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झाल्यावर. ओपीटीच हवी असेल तर एफ-१ वर जावं लागतं, तो हिशोब आधीच करा. पुढे डिग्रीसाठी युसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) ट्रान्सफर करायचा विचार असेल तर कुठला कोर्स कुठे धरतात ते असिस्ट डॉट ऑर्गवर बघूनच रजिस्टर करा, काउन्सेलरची अपॉइंटमेंट टर्मच्या तोंडावर मिळत नाही. डेव्हिस, अर्व्हाइन वगैरे सहा युसी कॅम्पस अटी पूर्ण केल्या तर ट्रान्सफरची हमी देतात, बर्कली देत नाही. मी अजून ठरवलेलं नाही. सध्या लिनिअर अल्जेब्राच्या वेटलिस्टवर आहे, पहिल्या आठवड्यात बरीच पोरं गळतात, त्यामुळे जाऊन बसणार.