गिटारवरचा धुरकट डाग, तो नेमका कुठल्या थरात आहे?

मामाची जुनी अकूस्टिक गिटार माझ्याकडे आली तेव्हा वाजवताना उजवा हात जिथे टेकतो ना, नेमकं तिथे तळहाताएवढा पांढुरका डाग होता, आरशावर वाफ धरते तसा. मामा म्हणाला, अगं तो पुसला की जातो आणि परत येतो, मी काही त्याच्या नादाला लागलो नाही. मी लागले, आणि त्यात जे कळलं ते सगळं इथे लिहून ठेवतेय कारण असा डाग खूप गिटारवर असतो आणि लोक सरळ घासायला घेतात.

मीही आधी तेच केलं. गिटार पॉलिश आणलं, कपड्यावर घेतलं, घासलं, डाग गायब! इतका आनंद झाला की लगेच फोटो काढले. दोन दिवसांनी बघते तर डाग जागच्या जागी. तेव्हा कळलं की पॉलिशमधलं तेल पृष्ठभागावरच्या बारीक बारीक ओरखड्यांत भरतं म्हणून तेवढ्यापुरतं सगळं पारदर्शक दिसतं, तेल उडालं की धुरकटपणा परत. म्हणजे डाग गेलाच नव्हता, नुसता झाकला गेला होता.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की कपडा हातात घेण्याआधी डाग लॅकरच्या, म्हणजे लाकडावर मारलेल्या पारदर्शक थराच्या, वर आहे, लॅकरच्या आत आहे की लॅकरच्या खाली आहे हे शोधा. तिन्हींचा इलाज वेगळा आहे, आणि तिसऱ्याला तर घरी इलाजच नाही.

शोधायची पद्धत सोपी आहे. खोलीतला दिवा बंद करून टॉर्च अगदी तिरकी धरायची आणि डागावर तोंडाची वाफ सोडायची किंवा ओलसर बोट फिरवायचं. ओलं असेपर्यंत डाग दिसेनासा झाला आणि वाळल्यावर परत आला तर तो वरचा आहे, म्हणजे मळ, घामाचे क्षार, जुन्या पॉलिशचे थर नाहीतर बारीक ओरखडे. ओलं असतानाही तसाच दिसत राहिला तर तो आत किंवा खाली आहे. आतला म्हणजे बहुतेक वेळा ओलावा. लॅकर दमट हवेत मारलं की त्यातलं थिनर भराभर उडतं, त्याने पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर धरून आत अडकतं, रंगकाम करणारे याला ब्लशिंग म्हणतात. आणि खालचा म्हणजे फिनिश, म्हणजे हा वरचा थरच, लाकडापासून सुटलंय, मध्ये हवा गेलीये, तिथे तुम्ही वरून कितीही घासा, काय होणार?

मग दुसरा प्रश्न, फिनिश कुठलं आहे. नायट्रोसेल्युलोज लॅकर गिटारवर १९२० च्या दशकापासून आलं, गिब्सनच्या अमेरिकेत बनणाऱ्या गिटारवर आजही तेच असतं, मार्टिनच्याही बऱ्याच गिटारवर असतं. फेंडरने १९६० च्या दशकाच्या शेवटी जाड पॉलिएस्टरकडे मोर्चा वळवला, आणि आज स्वस्त-मध्यम किमतीच्या बहुतेक गिटार पॉलीच्याच (पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनच्या) असतात. पॉली वाळताना रासायनिकरीत्या घट्ट होतं आणि मग थिनरला दाद देत नाही. नायट्रोचं तसं नाही, ते नुसतं थिनर उडून वाळलेलं असतं त्यामुळे वर्षांनंतरही थिनर लागलं की परत विरघळतं. क्लासिकल गिटारवर फ्रेंच पॉलिश असेल तर ती लाख, ती स्पिरिटने विरघळते आणि पाण्यानेही पांढरी पडते, तिला तर फारच जपायचं.

खात्री करायची तर स्ट्रॅपच्या बटणाच्या वॉशरखाली किंवा इलेक्ट्रिक असेल तर पिकगार्डखाली (पुढच्या बाजूची प्लास्टिकची पट्टी), जिथे कोणाला दिसणार नाही तिथे, कापसाच्या काडीला अगदी थोडं स्पिरिट लावून टेकवायचं. लगेच चिकट झालं तर लाख. नाही झालं तर तसंच अ‍ॅसिटोन टेकवायचं, चिकट झालं तर नायट्रो, काहीच नाही झालं तर पॉली. एकदाच टेकवायचं, घासायचं नाही. माझी नायट्रो निघाली.

आता सफाई. तारा थोड्या सैल केल्या, मऊ सुती कपडा पाण्यात भिजवून घट्ट पिळला, त्यावर भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब, आणि हलक्या हाताने पुसत गेले, मागोमाग लगेच कोरड्या कपड्याने. पाणी साउंडहोलच्या कडेला, ब्रिजच्या (तारा जिथे खाली अडकवतात ती पट्टी) बाजूला किंवा लॅकरच्या चिरांमध्ये जाऊ द्यायचं नाही, तिथे लाकूड उघडं असतं आणि ते पाणी पितं. कपडा तपकिरी झाला! तिसऱ्यांदा पुसल्यावर कपडा स्वच्छ यायला लागला आणि डाग जवळजवळ अर्धा फिका झाला.

मग नॅफ्था, म्हणजे लायटरमध्ये भरतात ते फ्लुइड. नायट्रोला ते सहसा काही करत नाही पण तेल, मेण, स्टिकरचा गोंद सगळं उचलतं. आधी लपलेल्या जागी लावून बघायचंच. खिडक्या उघड्या, हातमोजे घातलेले, जवळपास गॅस किंवा उदबत्ती काही पेटतं नको, आणि वापरलेले कपडे गोळा करून कोपऱ्यात टाकायचे नाहीत, मोकळ्या हवेत पसरून वाळवायचे. नॅफ्थाने जुन्या पॉलिशचे थर निघाले, माझं दोन दिवसांपूर्वीचं पॉलिशही त्यातच गेलं.

एवढं झाल्यावर जे उरलं ते खरे ओरखडे होते. त्यासाठी गाडीच्या रंगासाठी मिळतं तसं अगदी बारीक पॉलिशिंग कंपाउंड, सिलिकॉन नसलेलं. मटारच्या दाण्याएवढं घ्यायचं, बोटाभोवती कपडा गुंडाळून छोटी छोटी वर्तुळं, दहा-बारा फेरे की थांबायचं, पुसायचं, बघायचं. बोटाला ऊब जाणवली की लगेच थांबा, घर्षणाच्या उष्णतेने नायट्रो मऊ पडतं. आणि प्रत्येक वेळी थोडं लॅकर जातंय हे डोक्यात ठेवा, तो थर कागदाइतकाच पातळ असतो, कडांवर तर त्याहून कमी, कडेला लाकूड उघडं पडलं की परत येत नाही. मॅट फिनिश असेल तर कंपाउंड लावूच नका, तिथे चकचकीत चट्टा पडेल आणि तो डागापेक्षा वाईट दिसेल.

टूथपेस्टचा सल्ला फार लोक देतात. त्यात खरखरीत कण असतात आणि किती खरखरीत ते प्रत्येक पेस्टमध्ये वेगळं, मी नायट्रोवर लावणार नाही. फर्निचरवर मारायचे सिलिकॉनवाले स्प्रे तर अजिबात नको, सिलिकॉन चिरांतून लाकडात उतरतं आणि पुढे कधी नवीन लॅकर मारायची वेळ आली तर ते धरतच नाही, खळगे खळगे पडतात. हेअर ड्रायरने ओलावा घालवायचाही मोह होतो पण उष्णतेने लॅकरला फोड येऊ शकतात आणि ब्रिजचा डिंक सैल पडू शकतो. ब्लशिंग असेल तर रिपेअर करणारा माणूस हळू उडणारं थिनर फवारून वरचा थर पुन्हा ओला करतो, अडकलेला ओलावा निघून जातो. हे त्यालाच करू द्या.

डाग मुळात कशाने येतो तेही लिहिते कारण मला स्वतःला हे माहीत नव्हतं. स्टँडचं रबर किंवा फोम नायट्रोला टेकलेला राहिला की त्यातलं प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन लॅकरमध्ये शिरतं आणि तिथे धूसर, चिकट खूण पडते, व्हिनाइलच्या स्ट्रॅपचंही तेच. स्टँडवर सुती कपडा गुंडाळला की झालं. डास पळवायच्या क्रीममध्ये डीट असतं, ते लॅकर सरळ मऊ करतं. सॅनिटायझर लावून हात वाळायच्या आत गिटार उचलली तर त्यातलं अल्कोहोल खूण सोडतं. आणि रोजचा घाम, तो सगळ्यात हळू पण सगळ्यात खोल जातो.

माझ्या गिटारवर शेवटी एक भाग राहिलाच, चंद्रकोरीसारखा, करंगळीएवढा. ओला केला तरी दिसतो, नख हलकेच टेकवलं तर किंचित रुततं. म्हणजे तिथलं लॅकर घामाने मऊच पडलंय, त्याला पुसून काही होणार नाही, घासलं तर निघून येईल. तो तसाच ठेवला. मामाला फोटो पाठवला तर त्याने लगेच विचारलं, हा एवढाच का राहिला गं? म्हटलं तो तुझ्या हाताचा आहे, तीस वर्षं तू तिथेच हात टेकवलास, आता मी तिथे रुमाल ठेवून वाजवते.