सुपारीच्या खांडाचंही नाही

मंगळवार, रात्री साडेदहा

तेवीस वर्षांचा मुलगा, उलट्यांसाठी वर्षभरातली चौथी खेप. सोनोग्राफी झाली, दुर्बीण घालून झाली, पित्ताच्या गोळ्यांची पाकिटं संपली. मी पुन्हा उलटी थांबवणारं ओन्डान्सेट्रॉन लिहीत होतो, तेवढ्यात आई वैतागली, "उलट्या लागल्या की दिवसातून सहा वेळा कढत पाण्यानं आंघोळ करतो हो. लाइटबिल बघा केवढं आलंय!"

पेन तिथंच थांबलं. त्यांना जरा बाहेर बसायला सांगितलं.

"गांजा ओढतोस का रे?"

तो फरशीकडे बघत म्हणाला, "रोज. तीन वर्षं झाली. पण सर, त्यात तंबाखू नसते हं."

रोजच्या गांजानं होणाऱ्या आणि कढत पाण्यानं उतरणाऱ्या या उलट्या ऑस्ट्रेलियात ॲडलेडजवळच्या डॉक्टरांनी 2004 साली पहिल्यांदा नोंदवल्या. गांजानं मळमळ थांबते असा समज असल्यामुळे ही पोरं त्रास झाला की आणखी ओढतात. नेहमीची इंजेक्शनं फारशी लागू पडत नाहीत. मिरचीतल्या कॅप्सेसिनचं मलम पोटावर चोळून काहींना बरं वाटतं, पण खरा उपाय एकच, पूर्ण बंद.

माझ्या केसपेपरवर तंबाखू, मिश्री, दारू छापलंय. गांजा नाही. आधीच्या तिन्ही वेळा "काही व्यसन?" असं मी विचारलं ते आईच्या समोर, आणि उत्तर तिनंच दिलं होतं, "सुपारीच्या खांडाचंही नाही." रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणारे, छातीत धडधड होते म्हणणारे, अचानक संशयी झालेले असे किती पेशंट हा प्रश्न न विचारताच घरी गेले असतील? 1987 साली स्वीडनमधल्या सैन्यभरतीच्या तरुणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पन्नासहून जास्त वेळा गांजा-चरस घेतलेल्यांत पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सहापट होतं. गांजा हेच कारण की आणखी काही, हा वाद वेगळा. पण आम्ही विचारत तरी कुठे होतो?

त्याला सलाईन लावलं. बंद केल्यावर आठवडा-दोन आठवडे झोप उडेल, चिडचिड होईल, जेवण जाणार नाही, हे आधीच सांगून ठेवलं. "आईला सांगाल?" म्हणाला. म्हटलं, नाही, ते तुझं तू ठरव.

दारापर्यंत जाऊन परत वळला. "सर, भांग चालेल ना? ती तर कायद्यात पण बसते."

1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजाच्या व्याख्येतून फुलोऱ्याशिवायची पानं वगळली आहेत आणि भांग पानांचीच करतात, हे पोराला बरोबर ठाऊक.

"नाही चालणार. द्रव्य तेच आहे."