आधी मागीलदार बघू : आमची वाटचाल

चिपळूणला आमचं छोटं दुकान आहे. पाटीवर आज सीसीटीव्ही, अलार्म, इन्व्हर्टर असं सगळं दिसतं, पण सुरुवात घरगुती वायरिंगची. मी आयटीआयचा वायरमन. धाकटा भाऊ गल्ल्यावर, मी शिडीवर. कॅमेऱ्यांची पहिली कामं मिळाली ती सराफांची आणि पतसंस्थांची. तेव्हा सगळं अ‍ॅनालॉग. जाड कोअ‍ॅक्सिअल केबल सोलायची, बीएनसी कनेक्टर बसवायचा, आणि एवढं करून पडद्यावर कोणीतरी माणूस आहे इतकंच कळायचं. घराला कॅमेरा लावायचा म्हणजे लोक हसायचे.

2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि आमचं गिऱ्हाईकच बदललं. इकडे वाडीवाडीत कुलूपबंद घरं. माणसं मुंबईला, येणार गणपतीला, शिमग्याला, फार तर मे महिन्यात. डोंबिवलीत बसून गावचं अंगण फोनवर दिसतं म्हटल्यावर चौकशा सुरू झाल्या. बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला : "आठ कॅमेऱ्यांचे किती होतील?"

फोनवर आम्ही आकडा सांगत नाही. घर बघायला जातो, आणि घरात शिरायच्या आधी वळसा घालून मागीलदारी. गुहागर रस्त्याला आत एका वाडीत असंच गेलो होतो. पुढे सागवानी दार, त्यावर सेफ्टी डोअर, भारी कुलूप. मागे न्हाणीघराला लागून जुनं दार, चौकटीला खालून वाळवी. मी बिजागरीचा स्क्रू बोटांनी फिरवला तर तो भुशासकट हातात आला. काकांना म्हटलं, इथून आत यायला चोराला पाच मिनिटंही लागायची नाहीत, आठ कॅमेरे ती पाच मिनिटं छान दाखवतील. सुताराकडून चौकट बदलून घेतली, आतून लोखंडी आडणा टाकला आणि कॅमेरे तीनच लावले. आमचं बिल निम्म्याहून खाली आलं. भाऊ दोन दिवस धुसफुसत होता. पण त्या वाडीतली पुढची सगळी कामं त्या काकांच्या सांगण्यावरून आली.

कौलारू घराचं आणखी वेगळं. दार कितीही भक्कम करा, चार कौलं सरकवली की वाट मोकळी. अशा घरात बाहेर कॅमेऱ्यांची माळ लावण्यापेक्षा आत माजघरात हालचाल टिपणारा एक सेन्सर आणि बाहेर वाडीभर ऐकू जाईल असा भोंगा, हे जास्त कामाचं. फक्त सेन्सर कुठे लावता त्याला महत्त्व आहे. आढ्याकडे तोंड केलं तर वटवाघळं आणि बोके रोज रात्री भोंगा वाजवणार. चार रात्रींनंतर शेजारी त्याच्याकडे लक्ष देईनासे होतात, आणि मग तो असून नसल्यासारखाच.

अलार्म वाजला की त्याला जोडलेला डायलर, म्हणजे सिम घातलेली छोटी पेटी, एकामागून एक नंबर फिरवतो. मालकाला वाटतं पहिला फोन आपल्याला यावा. आम्ही पहिले दोन नंबर शेजाऱ्यांचे टाकायला लावतो, कारण बोरिवलीहून काठी घेऊन कोणी धावत येत नाही. जुन्या टू-जी डायलरमध्ये जिओचं सिम चालत नाही, हेही आधीच सांगतो. आणि सिमचं रिचार्ज! निम्म्या 'बिघाडां'चं कारण तेवढंच निघतं.

रेकॉर्डिंगचा हिशेब गिऱ्हाइकाला कागदावर मांडून देतो. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा दोन एमबीपीएसने (म्हणजे सेकंदाला दोन मेगाबिट) चालला तर दिवसाला साधारण 21 जीबी खातो. असे चार असले तर एक टीबीची डिस्क अकरा दिवसांत भरते आणि जुनं पुसून नवं लिहू लागते. जो माणूस तीन महिन्यांनी गावी येणार, त्याला हे आधी कळायला हवं. हालचाल झाली तेवढंच रेकॉर्ड करायचं म्हटलं तर पावसाळ्यात कोळी भिंगासमोर जाळं विणतात आणि रात्रभर तेच हलत राहतं. म्हणून कोणीतरी महिन्यातून एकदा केरसुणी फिरवणारं लागतं. अ‍ॅपमध्ये ती सोय नाही.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. आमचं दुकान गेलं, माल गेला, आणि आम्ही बसवलेले कित्येक डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या पेट्या) टेबलाखाली, कपाटाच्या खालच्या कप्प्यात होते, तेही गेले. त्यानंतर शहरात डीव्हीआर पोटमाळ्यावर किंवा छताजवळच्या बंदिस्त पेटीत, हा नियमच झाला. त्याचा दुसराही फायदा : चोराला तो पटकन सापडत नाही. आकाशातल्या विजेचं म्हणाल तर फाटकापासून घरापर्यंत लांब अंतर असेल तिथे तांब्याच्या केबलऐवजी वीज न वाहणारी फायबर केबल टाकतो, नाहीतर जूनच्या पहिल्या कडकडाटात पोर्ट जळतात. अर्थिंग नसलेल्या घरात आधी अर्थिंग.

9 एप्रिल 2025 पासून केंद्र सरकारने कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेची चाचणी सक्तीची केली. काही दिवस माल मिळेना, भावही चढले. तरी नियम हवाच होता. 2016 मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते ते कंपनीचा मूळ पासवर्ड कोणी बदलला नव्हता म्हणून. आम्ही पासवर्ड मालकाकडूनच टाकून घेतो, आमच्या वहीत लिहीत नाही. कॅमेऱ्यात शेजाऱ्याचं अंगण येत असेल तर तेवढा भाग झाकून देतो. बांधावरून आधीच भांडणं असतात.

आता पुतण्या हाताशी आला आहे, नेटवर्किंगचं तो बघतो. चिपळूण, गुहागर, खेड आणि संगमेश्वर एवढ्याच तालुक्यांत कामं घेतो, कारण तक्रार आल्यावर दुसऱ्या दिवशी पोचता आलं पाहिजे. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात नवं काम घेत नाही. बॅटऱ्या, भोंगे आणि अर्थिंग तपासायची फेरी मे महिन्यात असते; ज्यांचं घर बंद असतं त्यांनी किल्ली कोणाकडे आहे ते तेवढं कळवून ठेवावं.