फुप्फुसातील आगंतुक धमनी आणि तिच्यावरील उपचार

फुप्फुसाच्या एकाच जागी पुन्हापुन्हा न्यूमोनिया होत असेल, तर दर वेळी अँटिबायोटिक बदलण्यापेक्षा त्या जागेला रक्त कोठून मिळते हे एकदा पाहून घ्यावे, असे माझे मत आहे. पल्मनरी सिक्वेस्ट्रेशन या जन्मजात दोषात फुप्फुसाचा एक भाग, बहुधा डाव्या बाजूच्या खालच्या खंडातला, श्वासनलिकांशी नीट जोडलेला नसतो आणि त्याला रक्त फुप्फुस-धमनीऐवजी महाधमनीच्या (शरीराला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमनीच्या) शाखेतून मिळते; हीच ती आगंतुक धमनी. तेथे हवा नीट खेळत नाही, कफ साचतो, जंतुसंसर्ग होतो आणि कधी खोकल्यातून रक्तही पडते.

उपचारात खरा घोर असतो तो या धमनीचा. ती छातीतून निघते तशी पोटातूनही, श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा) ओलांडून, वर येऊ शकते. कधी एकीऐवजी दोन-तीन असतात. नकळत कापली गेली, तर तिचे टोक आखडून श्वासपटलाखाली जाते आणि रक्तस्राव आवरणे अतिशय कठीण होते. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन) करतात, आणि शस्त्रक्रियेतही आधी धमनी शोधून बंद करतात, मगच फुप्फुसाला हात लावतात. सदोष भागाला स्वतःचे वेगळे आवरण असेल, तर तेवढाच काढता येतो. तो निरोगी फुप्फुसात मिसळलेला असेल, तर बहुधा पूर्ण खंड काढावा लागतो. हे आता अनेकदा दुर्बिणीतून होते.

जांघेतून कॅथेटर (बारीक नळी) घालून धमनीत कॉइल (तारेचे वेटोळे) किंवा प्लग (बूच) बसवून ती बंद करण्याचा मार्ग साहजिकच रुग्णांना भुरळ घालतो. रक्त पडणे थांबवण्यासाठी किंवा अतिप्रवाहाने बाळाच्या हृदयावर ताण येत असेल तेव्हा तो फार मोलाचा आहे. मात्र वारंवार संसर्ग झालेला भाग त्यानंतरही आतच राहतो, आणि नव्या वाहिन्यांतून त्याला पुन्हा रक्त मिळू लागण्याची शक्यताही उरते. अशा रुग्णासाठी मला शस्त्रक्रियाच अधिक सरळ वाटते.

काही जणांत मात्र श्वासनलिका आणि फुप्फुस निरोगी असून केवळ धमनी आगंतुक असते. येथे खंड वाचवून फक्त धमनी बंद करण्याचा विचार होतो. पण त्या भागाला फुप्फुस-धमनीची पुरेशी शाखा आहे की नाही हे आधी तपासावे लागते, कारण ती नसेल, तर आगंतुक धमनी बंद करताच तो भाग रक्तावाचून मृत होण्याचा धोका असतो.