कापलेल्या गोळ्या

त्या दिवशी मी त्या ताईंवर जरा चढ्या आवाजातच बोललो. बीपी १७०/१००, तेही गोळ्या चालू असताना. केसपेपरवर आधीच्या दोन तारखांना माझ्याच अक्षरात लिहिलेलं: 'औषध नियमित घेत नाही.'

"ताई, असंच चाललं तर एक दिवस मेंदूत रक्तस्राव होईल." त्या गप्प. शेजारी उभा असलेला १५ वर्षांचा मुलगा म्हणाला, "डॉक्टर, ती रोज घेते. मीच कापून देतो."

त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली. आत ब्लेडनं कापलेल्या अर्ध्या गोळ्या, काहींचा कडेनं चुरा झालेला. महिन्याचं औषध दोन महिने पुरवायचं, हा त्याचा हिशोब. वडिलांच्या मधुमेहाच्या गोळ्याही तोच कापायचा. त्यांतली एक दिवसभर हळूहळू विरघळणारी होती. तशी गोळी कापली की औषध एकदम अंगात उतरू शकतं. हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं, आणि गोळ्या परवडतात का, हेही विचारलं नव्हतं.

बोलताना तो सारखा जांभया देत होता. म्हटलं, बस, तुझंही बघू. पाच मिनिटं शांत बसवलं, दंडाला नीट बसणारा पट्टा घेतला. १३४/८४. तीनदा मोजलं, फारसा फरक नाही. या वयात १३०/८० च्या वरचं बीपी जास्तच धरतात. पक्कं निदान मात्र वेगवेगळ्या दिवशी मोजल्यावरच. वडिलांचं काम सुटल्यापासून तो शाळेनंतर रात्री उशिरापर्यंत माल उतरवतो. झोप जेमतेम पाच तास; हवी आठ ते दहा.

१९६७ साली ब्रिटनमध्ये सरकारी कर्मचाऱ्यांचा व्हाइटहॉल अभ्यास सुरू झाला. सगळे पगारदार, तरी हुद्दा जितका खालचा तितके हृदयविकाराचे मृत्यू जास्त. आम्ही तो परीक्षेसाठी पाठ केला होता. पण त्यात ४० ते ६९ वर्षांचे पुरुष होते. त्यांच्या घरची मुलं कुणी मोजली नव्हती.

केसपेपरवरचं ते वाक्य खोडलं. 'गोळ्या परवडत नाहीत, मुलगा रात्री कामाला' असं लिहिलं. आईवडिलांची औषधं बदलून स्वस्तातली, दिवसातून एकदाच घ्यायची दिली. पुढच्या आठवड्यात या म्हटल्यावर ताई चाचरल्या, "रोज बुडतो हो." मग ओपीडीआधी, सकाळी साडेसातला बोलावलं. दोघांनाही.

दारापाशी पोहोचलेला मुलगा मागे वळला. "मी पण? मग रात्रीच्या मालाला कुणीतरी बघावं लागेल."