दांडिया बाजारातलं आमचं कलरचं खातं

आता आमच्याकडे व्हिडिओचे रंग दुरुस्त करायचं वेगळं खातं आहे, पण मूळ दुकान म्हणजे सासऱ्यांचा, नानांचा, फोटो स्टुडिओ. ब्लॅक अँड व्हाइट फोटो ब्रशने रंगवून देण्यात बडोद्यात त्यांचं नाव होतं. व्हिडिओ आला तो व्हीएचएसच्या काळात. त्या दिवसांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. टेपवरून टेपवर कॉपी केली की लाल रंग कडेने पसरायचा, शालूची किनार नवरीच्या हातावर यायची, आणि गिऱ्हाइकाला वाटायचं व्हिडिओ असाच असतो.

कॉम्प्युटर आल्यावर आम्ही एडियस हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर घेतलं. इथे लग्नाचं काम करणारे बहुतेक सगळे त्यावरच होते, त्यामुळे हात बसलेली मुलं मिळायची. सॉफ्टवेअर निवडताना हा मुद्दा कुठल्याच जाहिरातीत नसतो, पण लग्नसराईत एक मुलगा आजारी पडला की त्याच्या जागी संध्याकाळपर्यंत दुसरा बसवता येतो का, हे मला आधी बघावं लागतं. रंगाचं काम तेव्हा वेगळं नव्हतं. एडिट झालं की थ्री-वे करेक्टर (गडद, मधल्या आणि उजळ भागांचा रंग बदलणारा फिल्टर) टाकायचा, थोडं उजळ करायचं आणि डीव्हीडी काढायची.

भावजींना ते पटत नव्हतं. 2007 साली ॲपलने फायनल कट स्टुडिओबरोबर 'कलर' नावाचं रंगदुरुस्तीचं स्वतंत्र सॉफ्टवेअर दिलं, तेव्हापासून मॅक घेऊ या म्हणून ते मागे लागले होते. नानांनी ठाम नकार दिला. 2011 साली ॲपलने ते सॉफ्टवेअर बंदच केलं आणि घरात नाना दूरदर्शी ठरले. त्यांचं खरं कारण मला ठाऊक आहे: एवढे पैसे एकाच मशीनमध्ये घालायचे नव्हते. बाकी काही नाही.

त्याच 2011 साली दाविंची रिझॉल्व्ह या रंगदुरुस्तीच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती आली. दाविंची हे नाव आम्ही मुंबईच्या मोठ्या स्टुडिओंच्या गप्पांत ऐकलं होतं; ती लाखो डॉलरची यंत्रणा असायची. ब्लॅकमॅजिक या कंपनीने 2009 मध्ये ती बनवणारी कंपनी विकत घेतली, 2010 मध्ये सॉफ्टवेअर 995 डॉलरला विकायला काढलं, आणि पुढच्या वर्षी साधी आवृत्ती फुकट. भावजींनी ते उतरवून घेतलं आणि आमच्या जुन्या ग्राफिक्स कार्डाने मान टाकली. एडियस मुख्यतः प्रोसेसरवर चालतं, रिझॉल्व्ह ग्राफिक्स कार्डावर. म्हणजे फुकट सॉफ्टवेअरसाठी पहिला खर्च कार्डाचा झाला.

मग एवढा खटाटोप कशाला? एका लग्नाला आमचा एक कॅमेरा, भाड्याच्या माणसाचा दुसऱ्या कंपनीचा, वर ड्रोन. तिन्हींत तीच नवरी तीन रंगांची दिसते. त्यात हळद. पिवळ्या साडीचा रंग हनुवटीखाली उडतो, मांडवाच्या लाल कापडातून ऊन गाळून येतं, हातात हिरवा चुडा. सगळ्या फ्रेमला एकच फिल्टर लावून पिवळा कमी केला की चेहरा सुधारतो आणि हळद मेल्यासारखी दिसते. रिझॉल्व्हमध्ये नोडवर नोड, म्हणजे दुरुस्तीचे वेगवेगळे टप्पे, जोडता येतात: एकात पूर्ण फ्रेमचा समतोल, दुसऱ्यात फक्त त्वचेचा रंग वेगळा निवडून दुरुस्ती, आणि ती निवड ट्रॅकरने, म्हणजे हालचाल ओळखणाऱ्या सोयीने, चेहऱ्यामागे फिरवायची. मराठी लग्नात हळदीचा कार्यक्रम नीट काढायचा असेल तर एवढं लागतंच. गरब्याचं उलट. तिथे पुरुषांचे पांढरे केडिये (घेरदार आखूड अंगरखे) हाच रंग जुळवायला आमचा आधार, कारण ग्राउंडवरच्या लाइटांत दुसरं पांढरं काही धरता येत नाही. स्टेजच्या एलईडीने जांभळे झालेले चेहरे मात्र पूर्ण परत येत नाहीत, ते मी आयोजकांना आधीच सांगते.

नव्या मुलाला आम्ही पहिले काही दिवस रंग बदलायच्या चाकांना हात लावू देत नाही. आधी स्कोप, म्हणजे चित्रातला उजेड आणि रंग दाखवणारे आलेख, वाचायचे. वेव्हफॉर्मवर उजेड किती, व्हेक्टरस्कोपवर रंग कुठल्या दिशेला आणि किती गडद. व्हेक्टरस्कोपवर त्वचेसाठी एक तिरपी रेघ असते. गोरा, सावळा, काळा, कुठलाही माणूस असो, नीट उजेडात त्याची त्वचा त्या रेघेच्या आसपासच पडते, कारण कातडीखालचं रक्त सगळ्यांचं सारखं. फरक पडतो तो उजेडात आणि गडदपणात. "बेन, थोडी गोरी करी आपजो ने," असं सांगणारी मंडळी अजून येतात. मी त्यांना चेहऱ्यावरचा उजेड थोडासा वाढवून दाखवते. त्यापुढे नेलं की दागिन्यांचं सोनं फिकं पडतं, आणि हे दाखवलं की बहुतेक आया आपणहून थांबतात. स्कोप समजला की मुलाला फतेहसिंग म्युझियममध्ये रविवर्म्याची चित्रं बघायला पाठवतो. चेहऱ्याची सावली काळी नसते, हे तिथे लवकर कळतं.

2015 मध्ये प्रीमियर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगासाठी ल्युमेट्री पॅनल आलं तेव्हा पुन्हा विचार केला. एडिट आणि रंग एकाच खिडकीत, ही सोय मोठी. ज्यांचं काम रोज थोडं थोडं असतं, न्यूज किंवा यूट्यूबवाले, त्यांनी तेच घ्यावं असं मी आजही सांगते. आमचं अडलं ते पैशाच्या वेळेपाशी. चातुर्मासात लग्नं नाहीत, मधे नवरात्र तेवढी. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत कमुरता, तेव्हा गुजराती लग्नं बंद. प्रीमियरचं महिन्याचं भाडं मात्र बाराही महिने. रिझॉल्व्हची विकतची स्टुडिओ आवृत्ती एकदाच घ्यायची, आता 295 डॉलर, आणि पुढच्या आवृत्त्यांचे वेगळे पैसे आजवर लागलेले नाहीत. फुकट आवृत्तीवरच राहिलो असतो, पण नॉइज रिडक्शन (अंधारातल्या चित्रातले दाणे घालवणं) तिच्यात नाही, आणि रात्रीच्या गरब्याचं फुटेज त्याशिवाय देण्यासारखं होत नाही. एडिट अजून एडियसवरच होतं. मुलं त्यावर झपाझप कापतात, ते मोडायचं कशाला?

सॉफ्टवेअरपेक्षा जास्त वाद घरात मॉनिटरवरून झाले. नानांचं म्हणणं, "लोक टीव्हीवर बघणार, तर टीव्हीच लाव." पण दुकानातून आणलेला टीव्ही व्हिव्हिड मोडवर असतो, निळसर आणि भडक, त्यावर बघून दुरुस्त केलेला चेहरा दुसऱ्या घरात केशरी निघतो. शेवटी मोजमाप करणारा प्रोब घेतला: पांढरा 6500 केल्विनचा, उजेड 100 निट (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप), रंग रेक 709 या एचडी टीव्हीच्या मानकाप्रमाणे. रस्त्याकडची खिडकी जाड पडद्याने बंद केली आणि भिंतीचा पोपटी रंग काढून राखाडी दिला. नाना महिनाभर त्या खोलीला 'सुतकाची खोली' म्हणत होते. पेन ड्राइव्ह देताना आता आम्ही एक चिठ्ठी जोडतो: टीव्ही सिनेमा मोडवर ठेवून बघा. वाचतं कोण, कुणास ठाऊक. रंग हाताने फिरवायचं तीन ट्रॅकबॉलचं छोटं पॅनल सेकंडहँड मिळालं तेव्हा त्यावर पहिल्याच दिवशी हात बसला तो नानांचा. माऊसशी त्यांचं कधी जमलं नव्हतं.

कॅमेऱ्यावाल्यांनाही नियम सांगितले. आठ बिटच्या कॅमेऱ्यात लॉग मोड (चित्र फिकट, सपाट काढून रंग नंतर चढवायचे) नको. एका रंगाच्या 256 पायऱ्या असतात, त्या ताणल्या की आकाशात आणि हॉलच्या भिंतीवर पट्टे उमटतात. दहा बिटला 1024 मिळतात, तिथे खुशाल लॉगमध्ये काढा. यूट्यूबवरून उतरवलेले तयार लट, म्हणजे रंग बदलायचे तयार साचे, आमच्याकडे बंद आहेत. ज्या कॅमेऱ्यासाठी बनवला तोच नसेल तर लट नुसता गोंधळ वाढवतो.

फाइन आर्ट्समधल्या चित्रकार मंडळींची कामं येऊ लागली ती या शिस्तीमुळे. चित्रांचं चित्रण करताना सुंदर दिसणं उपयोगाचं नाही, बरोबर दिसावं लागतं. शूटिंगच्या सुरुवातीला 24 चौकोनांचं कलर चेकर कार्ड प्रत्येक लाइटखाली धरतो आणि पुढचं सगळं त्यावरून जुळवतो. तरी चित्रकार शेजारी बसून म्हणतोच, "हा माझा गेरू नाही." तेव्हा मूळ चित्र खोलीत मागवतो. वाद घालण्यात अर्थ नसतो, त्याची नजर आमच्यापेक्षा तयार असते.

बिलात कलरची ओळ आता वेगळी आहे. लग्नवाले घासाघीस करताना सगळ्यात आधी तीच खोडायला सांगतात. ती खोडली तर तिन्ही कॅमेरे ढोबळ जुळवून देतो, त्वचेचं काम करत नाही, आणि तसं बिलावर लिहितो.

सध्या भावजींना एचडीआर, म्हणजे जास्त उजेडाचा आणि जास्त रंगांचा व्हिडिओ, करायचं आहे. एका गरबा आयोजकाने यूट्यूबसाठी विचारलंय. त्यासाठी 1000 निटचा खरा मॉनिटर लागतो आणि त्याची किंमत आमच्या गाडीपेक्षा जास्त आहे. या नवरात्रीपुरतं मी नाही म्हटलंय. भावजी भाड्याने कुठे मिळतो का, ते अहमदाबादला विचारतायत.