केळीचं साल, टूथपेस्ट आणि क्रिकेट ०७

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई माहेरी आली, सोबत भाचा, वय अकरा. आणि जळगावचा उन्हाळा म्हणजे बारा ते पाच घराबाहेर पाय ठेवायची सोय नाही. पुढच्या खोलीत मोठी मंडळी पत्ते कुटत बसलेली (पत्ते नाहीत तर आखाजी कसली), कूलर घरघरतोय, पोटात आमरस आणि खापराची पोळी, सगळे पेंगताहेत आणि या पोराला झोप नाही. चढला माळ्यावर आणि खोकं घेऊनच खाली आला. माझा पीएसटू, म्हणजे प्लेस्टेशन टू, टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन!

खोक्यात पंधरा-वीस डिस्का, त्यातली ओरिजिनल एकच, क्रिकेट ०७. बाकी सगळ्या राइट केलेल्या, तेव्हा आपल्याकडं कॉपी चालावी म्हणून चिप बसवलेला पीएसटू आणि कॉपी गेम हाच रिवाज होता, उगाच कोणी नाही म्हणू नका. त्या झाडून सगळ्या मेल्यात, काहींवर तर साधा ओरखडाही नाही. राइट केलेल्या डिस्कमधे रंगाचा एक थर असतो, लेझर त्याच्यावर डाग पाडून लिहितो, आणि ऊन-उष्णतेनं तो रंगच बिघडतो. पत्र्याखालच्या माळ्यावर इतके मे महिने काढल्यावर काय राहणार. ओरिजिनलचं तसं नसतं, तिच्यातले बारीक खड्डे कारखान्यातच साच्यानं दाबलेले असतात.

ही ओरिजिनल ताईनंच घेऊन दिलेली, तिच्या पहिल्या पगारातनं. गेम २००६ च्या शेवटी आला होता. आणि तिच्यावर जो मोठा गोल ओरखडा आहे तो पण ताईनंच पाडलेला. पीएसटू उभा ठेवलेला, मॅच रंगात आलेली, ताई चहा घेऊन आली, पाय अडकला कंट्रोलरच्या वायरीत आणि मशीन धाडकन आडवी. आतून चर्रर्र. तो आवाज मला अजून ऐकू येतो. डिस्क फिरत असताना मशीन हलवली की डिस्क आत घासते आणि बांगडीसारखा ओरखडा पडतो, आणि हाच सगळ्यात वाईट.

का वाईट, तर डिस्कवर माहिती एका लांबच लांब गोल रेघेत असते, आतून सुरू होऊन बाहेर जाते. ओरखडा मधल्या भोकाकडून कडेकडं सरळ गेलेला असला तर लेझर दर फेरीला त्याला क्षणभर ओलांडून पुढं जातो, तेवढ्यात जे गळतं ते गणितानं भरून काढता येतं. रीड आणि सोलोमन या दोघांनी १९६० मधे मांडलेलं गणित आहे ते, सीडी-डीव्हीडी त्याच्याच जिवावर चालतात. पण ओरखडा त्या रेघेच्याच वाटेनं गेला की सलग मोठा तुकडा गायब, मग गणित तरी कुठं कुठं ठिगळ लावणार. म्हणून तर पुसायचं पण आतून बाहेर, सरळ. गोल गोल पुसू नका रे भो, आपण ताट पुसत नाहीये.

तेव्हा मी काय काय नाही केलं. कोणीतरी सांगितलं केळीचं साल घास. आता आमच्या जिल्ह्यात केळीला काय तोटा, घासलं. डिस्क चिकट झाली आणि रात्रीतून मुंग्या लागल्या, बाकी फरक शून्य. मग बोअरच्या पाण्यानं धुतली, तर आमच्या पाण्यातला क्षार वाळून पांढरे ठिपके पडले, ते मी कोरड्या बनियननं खसाखसा पुसले आणि वरची धूळ घासून आणखी बारीक ओरखडे पाडले. खरं सांगतो, ताईनं एक पाडला, बाकीचे माझे.

या वेळी डोकं वापरलं. आधी डिस्क ट्यूबलाइटसमोर धरली. चंदेरी थरातून आरपार उजेडाचे ठिपके दिसले तर तिथली माहितीच गेली, मग काही घासू नका, खेळ खलास. हे सीडीला जास्त होतं, कारण सीडीत माहिती वरच्या, चित्राच्या बाजूला असते, नुसत्या लाखेच्या थराखाली, आणि आपण आयुष्यभर खालची चकचकीत बाजू जपत चित्राच्या बाजूवर बॉलपेननं नाव लिहीत बसलो. डीव्हीडी म्हणजे अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरहून जरा जाड अशा दोन चकत्या चिकटवलेल्या, माहिती मधोमध, त्यामुळं दोन्हीकडून बरी सुरक्षित. आमची खालून चंदेरी, म्हणजे डीव्हीडी. पीएसटूच्या सीडी खालून निळ्या असायच्या. ठिपके नव्हते, वाचलो.

मग इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर घेतलं, त्याच्यात क्षार नसतो. त्यानं धुतली, चष्म्याच्या कपड्यानं टिपली. मग ओरखड्यावरून आडवं नख फिरवलं, नख अडकलं तर खोल समजायचं. एका जागी अडकलं, बाकी गुळगुळीत. तेवढ्यावर पांढरी टूथपेस्ट, जेल नाही, बोटाच्या टोकावर थोडीशी, आतून बाहेर, हलक्या हातानं, दहा मिनिटं. टूथपेस्ट ओरखडा भरत नाही बरं, तिच्यातली बारीक पूड प्लास्टिक घासून ओरखड्याच्या कडा बोथट करते, म्हणजे लेझर तिथं कमी फाकतो. आई डोकावून गेली, "काय करी ऱ्हायना रे?" म्हटलं डिस्कचे दात घासतोय.

(भाच्याच्या घरी पीएसफोर आहे, त्याला ताकीद दिली की हा प्रयोग तिथं करायचा नाही. पीएसफोरच्या डिस्का ब्लू-रे असतात, आणि ब्लू-रेत माहिती पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असते, घासायला जागाच नाही. तिच्यावर मुळातच कडक थर दिलेला असतो.)

लावली डिस्क. काळी स्क्रीन, काळी स्क्रीन, मग मेनू! भाच्यानं उडी मारली. मॅच सुरू झाली, गेममधले कॉमेंटेटर रिची बेनॉ बोलायला लागले की मधेच अडकायचे, एकच शब्द तीनदा, पण गेम चालू. पाचव्या ओव्हरला बंद पडला. परत लावला, परत बंद. मी म्हटलं झालं, ठेव माळ्यावर. पण पोरानं चार वेळा लावून शोधून काढलं की एक ठराविक ग्राउंड घेतलं तरच अडकतो, बाकीची ग्राउंडं व्यवस्थित. म्हणजे त्या ग्राउंडची फाइल बरोबर बांगडीखाली आली असणार.

"मामा, ते ग्राउंडच घ्यायचं नाही ना मग."

संध्याकाळपर्यंत आम्ही सहा मॅचा खेळलो, त्यातल्या पाच मी हरलो. ताई चहा घेऊन आली, या वेळी वायर बघून, बाजूनं. पडलेलं कव्हर हातात घेऊन उलटंपालटं केलं, म्हणाली, "पहिल्या पगारातनं दिलेली ना ही? जरा जपून वापरायची होती रे, केवढा ओरखडा पाडून ठेवलाय."

माझी बॅटिंग होती, मी काही बोललो नाही.